मोहिनी तळपेची तक्रार

आमच्या कॉलेजातल्या महिला तक्रार निवारण समितीची अध्यक्ष मी होते. हे पद मला गुणांवर मिळालं नव्हतं. अशी समिती प्रत्येक कॉलेजात असावी आणि तिची अध्यक्ष बाईच असावी, असं विद्यापीठाचं परिपत्रक आलं, तेव्हा कायम नोकरीतली बाई आमच्याकडे मी एकटीच होते. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, काम काही नाही. वर्षाच्या शेवटी अहवालात 'निरंक' लिहायचं आणि सही ठोकायची." जुन्नरसारख्या गावात कोण मुलगी लेखी तक्रार करणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. आमचा निरंक अहवाल दरवर्षी अगदी वेळेवर पुण्याला जात असे.

तो बंद पाडला मोहिनी तळपेने. आज ती घोडेगावच्या कोर्टात वकिली करते, काळा कोट घालते आणि भेटली की अजूनही मला वाकून नमस्कार करते. मला ते फार अवघड होतं. तुम्ही पाहिलेलं सगळ्यांत धीट माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी या मुलीचं नाव सांगेन, आणि सांगताना माझ्या अंगावर काटा येईल.

ती हातवीजची. जुन्नरहून पश्चिमेला आपटाळ्यावरून जी एसटी धापा टाकत डोंगरात चढते, तिच्या शेवटाकडचं हे गाव. घरी भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्यात रानातला हिरडा गोळा करून विकायचा. वडील भागू तळपे चौथी शिकलेले, आई सखूबाईने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मुलगी इथे आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. वाडीतून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोर. तिचं शिक्षण पुरं झालं तर मागच्या चार पोरींना वाट होणार होती, आणि ती मधूनच परत गेली तर पुढची दहा वर्षं तिथून कुणी मुलगी पाठवणार नव्हतं. हे तिलाही माहीत होतं.

पहिल्या वर्षी वर्गात ती बोललेली मला एकदाच आठवते. डोंगराळ भागातल्या लोकांना बचतीची सवय नसते, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक वाक्य होतं. मी ते वाचून पुढे निघाले, तर ही उभी.

"मॅडम, आमच्याकडं उपाशी ऱ्हातील पर पेरायचं बी कुनी खानार न्हाई. मंग ती बचत न्हाई का?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "बस खाली."

"बसते. पर उत्तर द्या."

माझा स्वभाव तिखट आहे, हे सगळ्या पणसुंबा पेठेला माहीत आहे, मी तिथलीच. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ती तशीच उभी राहिली, उद्धटपणा नाही, घाई नाही. शेवटी मी म्हटलं, "हो, ती बचतच." मग ती बसली आणि तिने वहीत ते लिहून घेतलं. मला तिचा रागही आला आणि ती आवडलीही.

आता शेलापागोट्यांबद्दल सांगायला हवं. स्नेहसंमेलनात पोरांना नाच-नाटकांपेक्षा ओढ असते ती त्यांचीच. आठवडाभर ऑफिसबाहेर पत्र्याचा एक डबा ठेवलेला असतो. त्यात ज्याने त्याने हव्या त्या माणसावर एखादी ओळ, एखादी चारोळी लिहून निनावी टाकायची. शेवटच्या दिवशी ती माईकवर वाचली जाते आणि ज्याच्यावर असेल त्याने स्टेजवर येऊन सोबतची भेट स्वीकारायची. आमच्या ग्रंथपालांना एकदा कुलूप मिळालं, कारण पुस्तक मागितलं की ते किडनी मागितल्यासारखे बघतात. मी वर्गात आले की पंखासुद्धा दबकून फिरतो म्हणून मला मिरच्यांची माळ मिळाली होती. मी ती घरी नेऊन महिनाभर आमटीत वापरली. प्राचार्यांवरसुद्धा त्या दिवशी बोलून घेता येतं, आणि त्यांना हसावं लागतं. वर्षभर मान खाली घालून बसणाऱ्या पोरांना तो एक दिवस मोकळा असतो.

डब्यातल्या चिठ्ठ्या निवडून वाचायचं काम सांस्कृतिक प्रतिनिधीचं. २००२ साली तो अमृत होता. बोरी बुद्रुकच्या बागायतदार घरातला, दिसायला रुबाबदार, आवाज खणखणीत, चुलते संस्थेच्या कार्यकारिणीवर. वाईट मुलगा म्हणावा असा नव्हता. लाडावलेला होता, आणि लोक हसायला लागले की त्याला थांबता येत नसे.

"मोहिनी तळपे, एस.वाय.बी.ए." असं त्याने पुकारलं तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनीच तिला ढकलून पुढे पाठवलं. ती चढली. अमृतने तिच्या हातात हिरड्यांची पुडी ठेवली आणि ओळी वाचल्या. त्या मी इथे लिहिणार नाही. एवढं सांगते की त्यांत तिचं गाव होतं, हिरडा होता, तिचा वर्गातला पहिला नंबर होता, आणि तो नंबर कुठल्या सरांच्या खोलीवर गेल्याने मिळतो हे यमक जुळवून सांगितलं होतं. मंडपात शिट्ट्या उठल्या. मोहिनीने पुडी टेबलावर ठेवली आणि उतरून गेली. ज्या सरांवर तो रोख होता ते दुसऱ्या दिवसापासून आजारी पडले.

सोमवारी ती स्टाफरूममध्ये आली. तक्रार लिहून आणली होती, खाली पूर्ण नाव, वर्ग, सही. मी म्हटलं, "बाई गं, विचार केलास का? हे पुढे वाढेल."

"क्येला. लई क्येला. मॅडम, तुमची कमिटी हाये ना? मंग घ्या."

मी घेतली. प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. माणूस तसा सज्जन. पण अमृतचे चुलते, संस्था, येऊ घातलेलं अनुदान, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार. दोन दिवस त्यांनी कुणाकुणाला फोन केले आणि तिसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. कु. मोहिनी तळपे यांच्या तक्रारीवरून शेलापागोटे कायमचे बंद करण्यात येत आहेत. भित्तिपत्रकावरचं सर्व लेखन यापुढे आधी कार्यालयात तपासून घ्यावं. तक्रार कुणाविरुद्ध, काय झालं, याबद्दल अक्षर नव्हतं.

मी तरातरा केबिनमध्ये गेले. "सर, तक्रार करणारीचं नाव जाहीर करायचं नाही, असं परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय. आणि ज्याने वाचलं त्याचं नाव कुठेय?"

"मॅडम, कुणा एकावर ठपका नको. सगळ्यांसाठी नियम केला, विषय संपला."

एका पोराचं नाव झाकायला त्यांनी अख्ख्या कॉलेजच्या तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि किल्ली मोहिनीच्या हातात दिल्याचा देखावा केला होता. व्हायचं तेच झालं. पोरं तिच्यावर उखडली. हिला एवढी मस्करी झेपत नाही आणि हिच्यापायी सगळ्यांची मजा गेली. भित्तिपत्रकात लिहिणारी मुलंमुली, ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, तीही नाराज. वसतिगृहातल्या मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या. एसटीतून बातमी हातवीजला पोचायला वेळ लागत नाही, आणि पोचेपर्यंत तिला काय काय फुटलेलं असतं ते सांगायला नको.

भागू तळपे आले ते तिला न्यायलाच. अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, खांद्यावर घोंगडी. स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, पोरीचं नाव भित्तीवर लावलंय म्हनं. आमाला नको आसलं शिक्षान. घरी न्हेतो."

मोहिनी शेजारीच उभी होती. "आबा, कमिटीची मिटिंग व्हऊ द्या. मंग न्यायचं तर न्या."

भागूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटिंग दुसऱ्याच दिवशी बोलावली आणि परिपत्रकाची एक प्रत प्राचार्यांना, एक अमृतच्या चुलत्यांना धाडली, सोबत लिहिलं की सुनावणी झाली नाही तर या वर्षीचा अहवाल मी निरंक पाठवणार नाही. माझ्या तिखटपणाचा उपयोग झाला असेल तर एवढाच. पुढचं सगळं तिचं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये समितीचे आम्ही सगळे, एका बाजूला अमृत, दुसऱ्या बाजूला मोहिनी. भागूभाऊ दाराशी बाकावर. प्राचार्यांनी सुरुवात केली, "स्नेहसंमेलनात काही अनुचित मजकूर अनवधानाने वाचला गेला..."

"सर," मोहिनी म्हणाली, "मजकूर काय व्हता?"

"तो इथे पुन्हा उच्चारण्याची गरज नाही. महिला आहेत, वडील आहेत तुझे."

"तवाबी महिला व्हत्या. आख्ख्या मांडवापुढं माईकवर म्हनायला चाललं, मंग हितं एवढ्याशा खोलीत का चालंना? ज्यानं वाचलं त्यानं पुन्हा वाचावं. माझी तक्रार त्याच्यावर हाये, तर त्यो काय बोलला ते तरी सगळ्यांनी ऐका."

बाप दाराशी बसलेला असताना ती हे मागत होती. मी भागूभाऊंकडे पाहिलं. ते मुलीकडे बघत होते, जणू तिला पहिल्यांदाच पाहत असावेत.

अमृत म्हणाला, "डब्यात आलं ते वाचलं, मॅडम. लिहिलं कुणी मला काय माहीत?"

"मग वाच," मी म्हटलं. चिठ्ठी माझ्याकडे होती. स्टेजवरच्या टेबलावरून मी ती त्याच दिवशी उचलली होती. ती त्याच्यापुढे धरली.

त्याने घेतली. घसा खाकरला. पहिला शब्द म्हणाला, हातवीजचं नाव, आणि त्याची नजर दाराकडे गेली. तिथून पुढे त्याला एक शब्द काढता येईना. मंडप दणाणून सोडणारा तो आवाज कुठे गेला कळेना. मग तो चिठ्ठीकडे बघतच म्हणाला, "मीच लिहिलं व्हतं."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. आता निर्णय घ्यावाच लागणार होता. अमृतचं पद काढावं आणि ज्या माईकवर बोलला त्याच माईकवर त्याने माफी मागावी, असं ठरलं. सुटलो, असं त्यांना वाटलं असेल, तर मोहिनी अजून उभीच.

"सर, ती फलकावरची बंदी काढा."

"अगं, ती तुझ्यासाठीच घातली."

"म्हनूनच काढा. मी एका चिठ्ठीची तक्रार केली. सगळ्यांनी बोलायचं बंद करा आसं कुटं लिव्हलंय माझ्या अर्जात? पोरांनी तुमच्यावर बोलावं, बाईंवर बोलावं, माझ्यावरबी बोलावं. फकस्त नाव लिव्हून बोलावं, सोता वाचावं, अन् ज्याच्यावर हाये त्यालाबी माईक द्यावा."

"मग कोण लिहील?"

"न्हाई लिव्हलं तर न्हाई. पर बंदी माझ्या नावावर नको."

तिच्या आवाजात चढ नव्हता. ती घाबरलेली होती, हेही मला दिसत होतं. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. आणि तरी, ज्या पोरांनी शिट्ट्या मारल्या त्यांच्या बोलण्याचा हक्क ती प्राचार्यांकडे मागत होती. मला विद्यापीठाच्या परिपत्रकातली सगळी कलमं पाठ होती. त्यांतून असं काही उभं राहू शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला माझ्या वर्गातल्या त्या मुलीपुढे लहान झाल्यासारखं वाटलं. त्याचं वाईट वाटलं नाही.

सूचना उतरली. भागूभाऊ तिला न घेता गेले, पण जाताना बजावून गेले. "मोहिने, आत्ता ऱ्हा. पर पुन्यांदा तुझं नाव भित्तीवर दिसलं तर मी इचारायला यायचा न्हाई. न्यायला येईन."

पुढच्या वर्षी ती टी.वाय.ला गेली. डिसेंबरात पुन्हा संमेलनाचं वारं सुटलं. डबा बाहेर आला, या खेपेला नाव लिहिण्याच्या अटीसह, आणि रिकामाच राहिला. मग एका सकाळी भित्तिपत्रकावर एक लेख लागला. 'एका तक्रारीने घालवलेली मजा' असं नाव, खाली सही अमृतची. त्याने लिहिलं होतं की नावाच्या अटीमुळे पोरांचं तोंड बंद झालं आहे. की त्याची चूक झाली आणि त्याने शिक्षा भोगली, पण त्या चुकीची किंमत सगळ्या कॉलेजने का मोजायची. की सवलतींवर शिकायचं, वसतिगृहात फुकट जेवायचं आणि वर सगळ्यांना नियम शिकवायचे, हे काही जणांना बरं जमतं. मोहिनीचं नाव तीनदा होतं.

प्राचार्य स्वतः फलकाकडे निघाले. गेल्या वर्षी हात पोळलेले, आता ते फारच दक्ष झाले होते. "मॅडम, हा छळच आहे. काढून टाकू आणि नोटीस देऊ." खरं सांगते, मीही तेच म्हणणार होते. जेवणाचं ते वाक्य वाचून माझं डोकं फिरलं होतं. पण मोहिनी आमच्या आधी तिथे पोचली होती. तिने लेख शेवटपर्यंत वाचला आणि आम्हाला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

"अगं, काय लिहिलंय बघितलंस ना?" मी विचारलं.

"बघितलं. वाईट वाटलं. पर मॅडम, त्या चिठ्ठीत माझ्यावर खोटा आळ व्हता अन् खाली नाव नव्हतं. ह्यात त्याला जे वाटतं ते लिव्हलंय अन् सही ठोकलीय. दोन्ही एक कसं म्हनायचं? हे काढलं तर मी गेल्या साली बोलले ते समदं खोटं ठरंल."

"आणि तुझे वडील आले तर?"

उत्तर लिहायला घेतलंय एवढंच म्हणाली आणि वर्गात गेली. वर्ष संपायला तीन-चार महिने उरले होते. नकोसं झालं मला. लेख तिथेच राहिला, आणि ती रोज त्याच्यासमोरून ये-जा करत राहिली.

भागूभाऊ आले ते नवे तांदूळ घेऊन. त्यांना यातलं काही माहीत नसावं. पण कॉलेजात शिरलं की फलक समोरच येतो. मधली सुट्टी होती, व्हरांडा पोरांनी भरलेला. मी स्टाफरूममधून बाहेर आले तेव्हा ते फलकापुढे उभे होते, पिशवी पायाशी ठेवलेली. चौथी शिकलेली आमच्याकडची माणसं मनात वाचत नाहीत. अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचतात. त्यांनी अमृतचा लेख तसा वाचायला घेतला होता.

एकेक शब्द लावत ते पुढे जात होते. सवलतींवर. शिकायचं. वसतिगृहात. फुकट. जेवायचं. जवळची पोरं गप्प झाली, मग लांबची. मुलीचं नाव आलं तिथे ते थांबले, ते नाव नीट म्हटलं आणि पुढे गेले. अमृत खांबाला टेकून उभा होता. त्याचं तोंड उतरत गेलं, पण तो तिथून गेला नाही. मोहिनी गर्दीतून वाट काढत आली आणि बापाच्या बाजूला उभी राहिली. तिने त्यांना थांबवलं नाही. मला पुढे होऊन तो कागद फाडावासा वाटत होता, पण मी हात आवरला.

शेवटी त्यांनी सही वाचली. मागे वळून विचारलं, "हा कोन?"

"मी," अमृत म्हणाला.

भागूभाऊंनी सहीवर पुन्हा बोट ठेवलं. "सोताचं नाव लिव्हलंस."

"हो."

मग मुलीकडे वळले. "हे भित्तीवर हाये, तुला म्हाईत व्हतं?"

"मीच म्हनले ऱ्हाऊ द्या."

मी मनात म्हटलं, संपलं. आता ते पिशवी उचलतील, तिला म्हणतील चल, आणि ती बापाचा शब्द मोडणार नाही. भागूभाऊंनी फलकावरून एकदा नजर फिरवली, वरून खालपर्यंत, जणू काही शोधत असावेत.

"अन् तुझं कुटंय?"

"व्हत आलंय आबा. उंद्या लावनार."

त्यांनी तांदळाची पिशवी तिच्या हातात दिली. "मंग मी वारूळवाडीला पाव्हन्यांकडं मुक्काम करतो. वाचून जाईन."

दुसऱ्या दिवशी शिपाई फाटक उघडायला आला तेव्हा ते बाहेर उभे होते. मोहिनीने कागद अमृतच्या लेखाशेजारी टाचला आणि बाजूला झाली. भागूभाऊंनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मुलीचं लिहिणं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिला तास सुरू झाल्याची घंटा झाली. अमृतसकट व्हरांड्यातलं एकही पोर जागचं हललं नाही, आणि मीही कुणाला वर्गात जा म्हणाले नाही.